अश्रू आणि हिशेब

दिल्लीत दरवर्षी २९ जानेवारीच्या सायंकाळी विजय चौकात सैन्याच्या वाद्यवृंदांचा समारोह होतो. २०२२ साली त्यात एक बदल झाला. ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती स्तोत्र कार्यक्रमातून गळले आणि त्याऐवजी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ या गाण्याची धून वाजवण्यात आली. स्तोत्र महात्मा गांधींच्या आवडीचे म्हणून ओळखले जात असल्यामुळे या बदलावर काही दिवस उलटसुलट लिहिले गेले. ती चर्चा शमते न शमते तोच, आठ दिवसांनी, ६ फेब्रुवारीला लता मंगेशकर यांचे निधन झाले. गाण्याचे कवी प्रदीप यांचा जन्मदिवसही ६ फेब्रुवारीच. अशा योगायोगांवर वृत्तपत्रांचे प्रेम असते. त्या आठवड्यात देशातील बहुतेक भाषांतील वृत्तपत्रांनी एक जुनीच हकीकत नव्याने सांगितली : दिल्लीतील सभा, लताबाईंचा स्वर आणि पंडित नेहरूंच्या डोळ्यांत आलेले पाणी.

ही हकीकत खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु एखाद्या गोष्टीचे एकच अंग इतक्या वेळा सांगितले जाते की दुसरे अंग होते याचाच विसर पडतो. हे गाणे मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी लिहिले गेले. त्याच्या कवीने त्यापासून आपल्याला मिळणारे स्वामित्वधन, म्हणजे रूढ शब्दात रॉयल्टी, युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला लेखी देऊन टाकली. पुढे चार दशकांनी त्या लेखी शब्दाचे पालन व्हावे यासाठी न्यायालयाला आदेश काढावा लागला. अश्रूंची कथा सर्वांना पाठ आहे. दानाची कथा फार थोड्यांना ठाऊक आहे. वस्तुतः या गाण्याचे वेगळेपण दुसऱ्या कथेत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय त्याचा वारसा कोणता, या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

चीनशी झालेले युद्ध २० ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाले आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केल्यावर थांबले. महिन्याभराच्या या अवधीत देशाच्या आत्मविश्वासाला जो तडा गेला त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. येथे त्याची पुनरुक्ती नको. लोकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीत पैसा आणि सोने ओतले. मुंबईच्या चित्रपटव्यवसायानेही आपला वाटा उचलायचे ठरवले. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, २७ जानेवारी १९६३ रोजी, राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्या उपस्थितीत दिल्लीत मदतीचा कार्यक्रम झाला. त्यामागे निर्माते-दिग्दर्शक मेहबूब खान यांचा पुढाकार होता. स्थळाबाबत मात्र आठवणी जुळत नाहीत. बहुतेक ठिकाणी नॅशनल स्टेडियम असे लिहिलेले आढळते, काही ठिकाणी रामलीला मैदान; तारखेच्या जागीही कोठे कोठे २६ जानेवारी छापली जाते. साठ वर्षांपूर्वीच्या, राजधानीत भरदिवसा नव्हे तरी भरसभेत घडलेल्या घटनेची ही अवस्था आहे. पंतप्रधानांच्या अश्रूंची नोंद अचूक आणि सभेच्या जागेची नोंद संदिग्ध, यावरून आपल्या स्मरणाचा कल कोणीकडे आहे हे दिसतेच.

गाण्याच्या निर्मितीची कथा मराठी वाचकाला परकी नाही, कारण तिच्यातील तिघांपैकी दोघे मराठी होते. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर; जन्म १९१८ साली अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. ‘अलबेला’सारख्या चित्रपटातील उडत्या, नाचऱ्या चालींनी त्यांनी लोकांना वेड लावले होते, ‘अनारकली’त त्यांच्या संगीताचा दुसरा, संयत पैलू दिसला होता. कवी प्रदीप यांचे मूळ नाव रामचंद्र द्विवेदी. जन्म १९१५, उज्जैनजवळच्या बडनगरचा. बॉम्बे टॉकीजपासून ते चित्रपटगीते लिहीत होते, आणि १९४३ सालच्या ‘किस्मत’मधील त्यांच्या देशभक्तिपर गीतामुळे इंग्रज सरकारची नजर त्यांच्यावर वळली होती. ‘नास्तिक’ आणि ‘पैगाम’ या चित्रपटांत या दोन रामचंद्रांनी पूर्वी एकत्र काम केलेले होते. लताबाई आणि अण्णा चितळकर यांच्यात मात्र काही वर्षे दुरावा होता; तो दूर करण्यात प्रदीप यांची मध्यस्थी उपयोगी पडली असे सांगतात. आशा भोसले यांच्या नावाचाही विचार झाला होता. अखेरीस लताबाई एकट्याच गायल्या. अण्णांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझ्या जीवनाची सरगम’ या आत्मचरित्रात आपल्या आयुष्याची बाजू मांडली आहे. या मंडळींच्या परस्परसंबंधांविषयी मराठीत जितके लिहिले गेले त्याच्या शतांशही या गाण्याच्या रॉयल्टीविषयी लिहिले गेले नाही, एवढेच येथे नोंदवणे पुरेसे आहे.

स्वतः कवीला दिल्लीच्या कार्यक्रमाचे आमंत्रण नव्हते. पुढे काही आठवड्यांनी नेहरू मुंबईत रॉबर्ट मनी शाळेच्या एका समारंभास आले असता प्रदीप यांनी ते गीत त्यांच्यासमोर म्हटले आणि आपल्या हस्ताक्षरातील प्रत त्यांना दिली. ज्याच्या शब्दांनी सभा हेलावली तो सभेत नव्हता, हे पुष्कळ बोलके आहे. चित्रपटगीताच्या व्यवहारात कवीचे स्थान कोठे असते, याचा हा एक मासला. गायिकेचे नाव प्रथम, संगीतकाराचे त्यानंतर, आणि कवीचे आठवले तर. प्रदीप यांना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला खरा, पण तो नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात. ११ डिसेंबर १९९८ रोजी ते निवर्तले.

आता गीताच्या शब्दांकडे वळावे. त्यातील संबोधन स्वदेशाच्या लोकांना आहे, शत्रूला नाही, सरकारला नाही. चीनचे नावही त्यात येत नाही. पराभवाची कारणमीमांसा नाही, सूडाची भाषा नाही. १९६३ च्या जानेवारीत असे गीत लिहिणे सोपे नव्हते. त्या काळात सर्व भाषांत वीरश्रीच्या कवितांचे पीक आले होते आणि त्यांतील बहुतेक आज कोणाच्या स्मरणात नाहीत. प्रदीप यांनी विजयाचा आव आणला नाही. शोक हाच त्यांनी गीताचा स्थायीभाव ठेवला आणि ऐकणाऱ्याकडे एकच मागणी केली : परत न आलेल्यांची आठवण काढा, डोळ्यांत पाणी येऊ द्या. शीख, जाट, मराठा, गुरखा, मद्रासी अशा समूहांची नावे घेऊन ते सारे एकच होते असे सांगण्याची योजनाही याच भूमिकेतून आलेली आहे. जिवंत माणसे जातीपातीने विभागलेली. मृत तेवढे एक झालेले.

येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. गीतात पैशाचा उल्लेख नाही. मदत करा, दान द्या, असे ते कोठेही म्हणत नाही. ते लोकांना रडण्यास सांगते, आणि लोक रडले. पंतप्रधानही रडले. गीताने मागितले ते गीताला शब्दशः मिळाले, आणि त्यामुळे गीताचे कार्य संपले असा सर्वांचा समज झाला. कवीने मात्र दोन निरनिराळे लेख केले होते. एक गीत, ज्यात त्याने श्रोत्यांकडे अश्रू मागितले. दुसरा दानाचा कागद, ज्यात त्याने स्वतःकडून पैसा दिला. पहिला लेख सर्वांनी पाळला. दुसऱ्याकडे पाहण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनीही फारसे पाहिले नाही.

हे दान कोणत्या जातीचे होते हे नीट समजले पाहिजे, कारण मदतीच्या प्रयोगांची परंपरा आपल्याकडे नवी नव्हे. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या रात्रीला आख्यायिकेचे स्थान आहे. पण त्या प्रयोगाचा हिशेब त्याच रात्री पुरा झाला. तिकिटे विकली गेली, गल्ला मोजला गेला, रक्कम फंडात गेली. नटाने एका रात्रीचे श्रम दिले. पुढच्या ‘मानापमाना’चे उत्पन्न पुन्हा मंडळीचेच. प्रदीप यांनी दिले ते याहून वेगळे. ध्वनिमुद्रिका जोवर विकली जाईल, रेडिओवर लागेल, तोवर जे काही कवीच्या वाट्याला येईल ते सर्व त्यांनी देऊन टाकले. ही एका दिवसाची ओंजळ नव्हे. शेताचा एक तुकडा कायमचा इनाम लावून दिल्यासारखे आहे. इनामाचा मात्र एक धोका असतो. दाता मरतो, वहिवाटदार बदलतात, आणि पिकाचा वाटा देवळापर्यंत पोहोचतो की नाही हे पाहणारा कोणी उरत नाही.

असे दान शक्य झाले याचे श्रेय काही अंशी या गोष्टीला आहे की हे गीत कोणत्याही चित्रपटातील नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा लेखक. परंतु निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी लिहवून घेतलेल्या गीताचे काय, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला. कवी आणि संगीतकार यांनी निर्मात्याशी वेगळा करार करून हक्क राखून ठेवले नसतील, तर चित्रपटगीतावर त्यांचा स्वतंत्र हक्क उरत नाही, असा त्या निकालाचा व्यावहारिक अर्थ झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात कलावंतांच्या उपेक्षेकडे संसदेचे लक्ष वेधले होते. परंतु टिपणाने कायदा बदलत नाही. तो बदलायला २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कवी व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळण्याचा असा हक्क दिला की तो त्यांना सोडूनही देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येतो. त्यात गंमत अशी की, आज एखाद्या कवीने प्रदीप यांच्याप्रमाणे गीताचे स्वामित्वधन मिळवण्याचा हक्कच एखाद्या निधीच्या नावे कायमचा तोडून द्यायचे ठरवले, तर या तरतुदीशी त्याची गाठ पडेल. हाती आलेली रक्कम कोणालाही देता येते. हक्क मात्र सहजासहजी देता येत नाही. कवींना लुबाडले जाऊ नये म्हणून घातलेले कुंपण औदार्यालाही आडवे येऊ शकते. तरीही ते कुंपण हवेच, कारण आपल्या चित्रपटव्यवसायात औदार्यापेक्षा लुबाडणूक कितीतरी अधिक झालेली आहे.

याच संदर्भात लताबाईंच्या एका भूमिकेचा उल्लेख केला पाहिजे. त्याच दशकाच्या आरंभी गायकांना स्वामित्वधन मिळाले पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला होता. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे होते. गाण्याचे मानधन मिळाले की गायकाचा संबंध संपला, असे ते म्हणत. यावरून दोघांत बेबनाव झाला आणि काही वर्षे त्यांनी एकत्र गाणी म्हटली नाहीत. पैशासाठी केलेली तक्रार, अशी त्या वेळी लताबाईंवर टीका झाली. परंतु रॉयल्टीला कलावंताच्या हक्काचे स्वरूप असेल तरच ती दान करता येते, ही साधी गोष्ट त्या टीकाकारांच्या ध्यानात आली नाही. ज्याच्या हातात काही नाही त्याने द्यायचे काय? एकीकडे रॉयल्टीसाठी भांडणारी गायिका आणि दुसरीकडे रॉयल्टी देऊन टाकणारा कवी, हे चित्र वरकरणी विसंगत दिसते. वस्तुतः दोघेही एकाच तत्त्वाला चिकटून होते.

ऑगस्ट २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदीप यांचा कागद ग्राह्य धरला आणि ध्वनिमुद्रिका कंपनीने, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीने व आताच्या सारेगामाने, थकलेल्या रॉयल्टीपोटी दहा लाख रुपये युद्धविधवांच्या निधीत भरावेत असा आदेश दिला. तोवर कवीच्या निधनाला सात वर्षे होत आली होती आणि गाण्याला बेचाळीस. दहा लाख ही रक्कम मोठी की लहान, याविषयी दोन मते असू शकतात. २००५ सालीदेखील ती मोठ्या शहरातील एका बऱ्यापैकी घराची किंमत नव्हती. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो विलंब. दर १५ ऑगस्टला आणि दर २६ जानेवारीला हे गाणे देशभर वाजत होते. शाळांत, कचेऱ्यांच्या आवारांत, चौकाचौकांतील ध्वनिवर्धकांवर ते वाजले नाही असे वर्ष गेले नाही. ते ऐकून सद्गदित होणाऱ्या मंत्र्यांपैकी, अधिकाऱ्यांपैकी, संपादकांपैकी कोणी या दानाचा पाठपुरावा केल्याचे दिसत नाही. न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आली याचाच अर्थ त्याआधीच्या सर्व पायऱ्यांवर कोणी ना कोणी झोपलेले होते.

ज्यांच्यासाठी हे दान होते त्या स्त्रिया कोठे होत्या? दिल्लीपासून ऐंशीएक किलोमीटरवर रेवाडी आहे. आज तो राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा भाग मानला जातो, १९६३ साली ती पंजाब राज्यातील गुडगाव जिल्ह्याची एक तहसील होती. लडाखमधील रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊँ पलटणीच्या ज्या कंपनीने मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखेरपर्यंत लढत दिली, तिच्यातील बहुतेक जवान याच रेवाडी, गुडगाव, महेंद्रगड परिसरातील अहीर शेतकऱ्यांची मुले. सुमारे एकशेवीस जणांपैकी शंभराहून अधिक धारातीर्थी पडले. प्रदीप यांना गीताची प्रेरणा या लढाईच्या वार्तेने दिली असे सांगितले जाते. दिल्लीत गाणे झाले त्या दिवशी हे देह अद्याप बर्फाखालीच होते. १९६३ च्या फेब्रुवारीत ते सापडले, हातांत शस्त्रे तशीच असलेले. म्हणजे राजधानीत श्रद्धांजली वाहिली जात असताना तेथून दोन-अडीच तासांच्या वाटेवरच्या गावांत कित्येक घरांना आपला माणूस मेला की बेपत्ता आहे, याचीही खात्री नव्हती.

गीतातील समूहांच्या यादीत अहिरांचे नाव नाही. हा दोष म्हणून सांगायचा नाही. कवी यादी करत नसतो आणि वृत्तात सर्व पलटणी बसत नाहीत. परंतु रेवाडीच्या लोकांनी पुढे आपले स्मारक आपण उभारले आणि रेझांग लाची आठवण आपली आपण जपली, यामागे ही जाणीव नसेलच असे नाही. रडणाऱ्या राजधानीला आपले शेजारी दिसले नाहीत. युद्धविधवांसाठी दिल्लीत संघटित काम उभे राहिले ते १९७२ साली, मोहिनी गिरी यांच्या वॉर विडोज असोसिएशनच्या रूपाने, आणि तेही बांगलादेशाच्या युद्धानंतर. १९६२ च्या विधवांच्या वाट्याला मधली दहा वर्षे आली ती सासर-माहेरच्या आधाराची, तुटपुंज्या निवृत्तिवेतनाची आणि कचेऱ्यांच्या खेपांची. त्या दहा वर्षांत गाणे अर्थातच वाजत होते.

परदेशातील उदाहरणांशी तुलना केली तर आपल्या उणिवेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातील निर्वासितांसाठी जलसा केला. रविशंकर हे दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे एकेकाळचे प्रमुख, हा दुवा सांगण्याजोगा आहे. जलशाच्या थोडेच आधी हॅरिसन यांची ‘बांगला देश’ ही तबकडी निघाली. मदतीसाठी काढलेल्या पाश्चात्त्य लोकप्रिय तबकड्यांत ती पहिली मानली जाते. पहिले कोण ही चढाओढ निरर्थक आहे, तरी प्रदीप यांचे गीत तिच्या आठ वर्षे आधीचे आहे हे विसरू नये. जलशाच्या तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांचा आणि चित्रपटाचा पैसा मात्र अमेरिकेच्या करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षे अडकला, कारण हा व्यवहार मदतकार्य म्हणून आधी रीतसर नोंदवलेला नव्हता. हेतू निर्मळ असूनही कागद अपुरा होता.

१९८४ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर यांनी इथिओपियाच्या दुष्काळासाठी तीसचाळीस गायकांना एकत्र करून ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ हे गाणे एका दिवसात मुद्रित केले. ब्रिटनमध्ये त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. सरकारने विक्रीवरील कर माफ करण्यास आधी नकार दिला, पण लोकमताच्या दडपणाखाली तेवढी रक्कम मदतीसाठी परत दिली. या गाण्यात काव्य जवळजवळ नाही. आफ्रिकेचे त्यात काढलेले चित्र ओसाड, केविलवाणे आणि बरेचसे चुकीचे आहे. खुद्द आफ्रिकेतून व अलीकडे तर ते गाणाऱ्यांपैकी काहींकडूनही त्यावर आक्षेप आला. २०२४ साली चाळिसाव्या वर्षानिमित्त नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्यात आपला जुना आवाज वापरण्यास आपली संमती घेतली नव्हती, असे एड शीरन यांनी जाहीर केले. तरीसुद्धा एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पैसा कोठे गेला, किती गेला, कोणी गिळला, यावर त्या गाण्याच्या बाबतीत चाळीस वर्षे जाहीर वाद चालू आहे. त्यासाठी न्यास स्थापन झाला, त्याचे हिशेब प्रसिद्ध होतात, पत्रकार त्यांचे वाभाडे काढतात. ब्रिटनच्या गाण्याची कविता दुबळी आणि हिशेब जागता. आपल्या गाण्याची कविता श्रेष्ठ आणि हिशेब निद्रिस्त.

या तुलनेवर एक आक्षेप संभवतो. भारतीय मनाला दानाचा हिशेब मागणे अप्रशस्त वाटते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये अशी आपली धारणा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ही धारणा दात्यासाठी आहे. दात्याने मिरवू नये, हे योग्यच. मधल्या विश्वस्ताने लपवावे, असे कोणत्याही धर्मशास्त्राने सांगितलेले नाही. देवस्थानच्या वहिवाटदाराकडून हिशेब घेण्याची रीत आपल्याकडे पेशवाईतही होती. शिवाय प्रदीप यांनी शब्द तोंडी दिला नाही, कागद केला. यावरून त्यांना हिशेबाचे वावडे नव्हते हे उघड आहे. कवी म्हणजे व्यवहारशून्य, या समजुतीला त्यांच्या त्या कागदाने परस्पर उत्तर दिलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे गाणे आता राष्ट्राचे झाले, त्याच्यावर मालकी कोणाची हा प्रश्नच क्षुद्र होय, असे म्हटले जाते. २७ जानेवारी २०१४ रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लताबाईंच्या उपस्थितीत प्रचंड जनसमुदायाने ते एकमुखाने गायिले. २०२२ पासून ते सैन्याच्या समारोहात शिरले. अशा गाण्याची रॉयल्टी कसली मोजता? पण रॉयल्टी मोजली गेली नाही तर नुकसान कवीचे नाही, कंपनीचे तर नाहीच. जेवढे गाणे फुकट वाजेल तेवढे त्या निधीचे उत्पन्न बुडेल. राष्ट्राचे झालेले गाणे राष्ट्राच्या विधवांना काही देईनासे होते, हा या थोर भावनेचा व्यावहारिक परिणाम आहे. पक्ष कोणताही असो, सभा कोणाचीही असो. व्यासपीठावर हे गाणे वाजवणाऱ्याने त्याचे रीतसर शुल्क भरणे ही त्या सैनिकांना वाहिलेली, पुष्पचक्राहून अधिक उपयोगी अशी श्रद्धांजली ठरेल.

कायद्याच्या दृष्टीने अद्याप वेळ गेलेली नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, आणि त्या दशकाच्या आरंभीची मुद्रणे एकामागून एक या मुदतीबाहेर पडत आहेत. म्हणजे मूळ तबकडीवरील कंपनीची पकड सुटत चालली आहे. शब्दांची गोष्ट निराळी. साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी वारले, तेव्हा चालीवरील हक्क २०४२ अखेरपर्यंतचा. प्रदीप १९९८ साली वारले, तेव्हा शब्दांवरील हक्क २०५८ अखेरपर्यंतचा. मोबाईल फोनवर, दूरचित्रवाणीवर, जाहिरातींत, नव्या गायकांच्या आवृत्त्यांत हे शब्द जेथे जेथे येतील तेथे तेथे कवीचा वाटा निघत राहील, आणि तो वाटा कोणाला द्यायचा हे कवीने लिहून ठेवलेले आहे. तो दरवर्षी किती निघतो आणि निधीत किती जमा होतो, हे दोन आकडे प्रतिवर्षी जाहीर करणे अवघड नाही. नॅशनल स्टेडियमच्या शेजारी, इंडिया गेटच्या परिसरात, २५ फेब्रुवारी २०१९ पासून राष्ट्रीय युद्धस्मारक उभे आहे. तेथे भिंतींवर वीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत, १९६२ ची नावेही त्यांत आहेत. ज्या सरकारला एवढी नावे एकेक करून गोळा करता आली त्याला दोन आकडे मिळवता येऊ नयेत, असे मानण्यास आधार नाही. संरक्षण मंत्रालयाने ते कंपनीकडून मागावेत आणि २७ जानेवारीला छापावेत.